चोडण बेटावरचे पक्षी कसे ओळखावेत

चोडणला पक्षी बघायला निघालेल्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो, पहाटे लवकर पोहोचा. रानात तो लागू पडतो. पण चोडण हे गोव्यातल्या मांडवी नदीतलं बेट आहे आणि इथल्या निम्म्या पक्ष्यांचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. चुकीच्या तिथीला पहाटे सहाला येऊन नुसतं पाणी बघून परतणारी माणसं मला दर हिवाळ्यात भेटतात, आणि दर वेळी वाईट वाटतं.

म्हणून आधी दिवस ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने घ्या आणि कॅलेंडरवर तिथी बघा. पौर्णिमा-अमावस्येला इथे पूर्ण भरती साधारण अकरा-बाराच्या सुमारास येते, पुढे रोज पाऊण-एक तास उशिरा. मी द्वितीया-तृतीया धरतो. त्या दिवशी सकाळी सातच्या आसपास पाणी तळाला असतं, मग चढू लागतं. साडेआठ ते साडेदहा हा आपला वेळ. अष्टमीला उलटं होतं, सकाळभर पाणी उतरत जातं आणि त्याच्यामागे पक्षीही लांब जातात. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यात बघा आणि नदीत आत पाणी थोडं उशिरा पोहोचतं हे लक्षात ठेवा.

रायबंदरहून फेरीबोट घ्या. डेकवरून ब्राह्मणी घार आणि हिवाळ्यात कुरव दिसतातच. उतरल्यावर वेळ असेल तर आधी गावात एक चक्कर मारा. माडांत आणि परसांत दयाळ, तांबट, हळद्या, कोतवाल, भारद्वाज, शिंजीर हे सगळे भेटतात. त्यांना ओळखायला माझी गरज नाही.

डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य बेटाच्या पश्चिम टोकाला आहे, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर. खारफुटीतल्या वाटेवर सावकाश चाला आणि नजर खाली, मुळांच्या उंचीवर ठेवा. नवखी माणसं शेंडे बघत जातात आणि मुळावर गप्प बसलेला छोटा हिरवा बगळा हातभर अंतरावरून सोडून देतात. पांढऱ्या गळपट्ट्याचा निळा-हिरवा खंड्या दिसला तर थांबा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो फार थोड्या ठिकाणी दिसतो. नेहमीचा तपकिरी डोक्याचा खंड्या वेगळा, त्याचा फक्त गळा आणि छाती पांढरी असते.

आता ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि त्यात चरणारे पक्षी. खरं काम इथे आहे आणि लोक हातही इथेच टेकतात.

पहिले दोन हिवाळे मीही हात टेकले होते. चित्रांचं पुस्तक उघडायचं, रंग जुळवायचे आणि वहीत काहीतरी नाव लिहायचं. त्या दोन वर्षांच्या नोंदी मी पुढे सगळ्या खोडल्या, कारण त्यांतली एकही खात्रीची नव्हती. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे हे पक्षी विणीचा पिसारा उतरवून आलेले असतात. वरून राखी-तपकिरी, खालून पांढरे, जवळजवळ सगळेच. पायांच्या रंगावर जा असं सांगणाऱ्यांनी चिखलात उभा पक्षी नीट पाहिलेला नसतो. लाल पायांचा टिलवा (रेडशँक) गुडघ्यापर्यंत चिखलात फिरून आला की त्याचे पाय काळेच दिसतात.

रंग विसरा आणि चाल बघा. दुर्बीण एका पक्ष्यावर धरा आणि दोन मिनिटं हलवू नका. जो चार पावलं पळतो, थबकतो, टोचतो, पुन्हा पळतो तो चिखल्या. चोच आखूड, डोळा मोठा. त्याला भक्ष्य डोळ्यांनी दिसावं लागतं म्हणून तो थबकतो. जो चालता चालता चोच चिखलात खुपसतच राहतो तो आतल्या किड्यांचा स्पर्शाने माग काढत असतो. चालता चालता शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवत राहतो तो तुतवार. छातीच्या कडेला, पंखाच्या पुढे त्याची पांढरी खाच वर घुसलेली दिसते. ही खाच चिखलाने झाकत नाही, म्हणून तिच्यावर माझा भरवसा आहे.

चाल कळली की चोचीची लांबी डोक्याशी मोजा. टिलव्याची चोच डोक्यापेक्षा लांब आणि सरळ. हिरव्या टिलव्याची (ग्रीनशँक) किंचित वर वळलेली. खाली वाकलेली लांब चोच दिसली तर कर्ल्यू किंवा व्हिम्ब्रेल. डोक्यावर गडद पट्टे असतील तर व्हिम्ब्रेल. तसे पट्टे नसतील आणि चोच बघून हा तोल कसा सांभाळतो असं वाटलं, तर कर्ल्यू.

तरीही शंका राहिली तर तो आपणहून उडेपर्यंत थांबा. लाल पायांच्या टिलव्याच्या पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी उघडते. हिरव्या टिलव्याच्या पंखात पांढरं काही नसतं, पाठीवरून पांढरा त्रिकोण वर जातो. तुतवार पाण्याला लागून, पंख थरथरवत, मध्येच ताठ धरून जातो. उडण्याचा एक क्षण अर्ध्या तासाच्या निरीक्षणापेक्षा जास्त सांगतो.

पण उडवू मात्र नका. टाळी वाजवणारे, खडा टाकणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांना तिथल्या तिथे थांबवलं आहे. चिखल उघडा असतो तेवढेच तास या पक्ष्यांना पोट भरायला मिळतात. त्यातल्या काहींना उन्हाळ्यापूर्वी लडाखपर्यंत, काहींना त्याहून पुढे पोहोचायचं असतं. मोबाइलवर आवाज लावून बोलावणंही तितकंच वाईट. चिखलात पाय घालू नका. वरून घट्ट दिसणाऱ्या जागी मी मांडीपर्यंत रुतलो आहे आणि पाणी चढत असताना एकट्याने बाहेर निघणं सोपं नव्हतं.

बांधावर, सूर्य पाठीशी घेऊन बसा. पाणी चढेल तसा चिखल आक्रसतो आणि पक्षी आपणच तुमच्याकडे सरकत येतात. महागडी टेलिस्कोप घ्या म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. तिथी बरोबर असेल तर साध्या आठ पटींच्या दुर्बिणीत टिलव्याच्या चोचीचा बुंधा दिसतो. नाव ठरलं नाही तर वहीत ‘टिलवा, कुठला ते नक्की नाही’ असं लिहा. ती नोंद अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा शतपट मोलाची.

चिखल बुडाला की खाजनाकडे, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतांकडे वळा. ही शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात. बांध आणि मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं खारं पाणी अडवून धरतात, म्हणून बाहेर सगळं भरलेलं असताना आत उथळ पाणी आणि ओली माती शिल्लक राहते. मघाचे टिलवे आणि चिखल्ये यातल्याच एखाद्या मळ्यात मान पाठीत खुपसून, एका पायावर उभे सापडतील. शेजारी शेकाट्या, टिटवी, जांभळी पाणकोंबडी, आणि भर उन्हात अडईचा थवा शीळ घालत डोक्यावरून जातो. इथे बांधावरून उतरू नका, शेत कुणाचं तरी आहे.