फोन चार्ज होत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

चार्जिंगची तक्रार आली की बरेच जण सरळ बॅटरी बदलायला निघतात. जरा थांबा. बॅटरी संपत आली असेल तर फोन चार्ज होतो, पण टिकत नाही. वीस-तीस टक्के दाखवत असतानाच अचानक बंद पडतो. केबल लावूनही चिन्ह येत नसेल किंवा पिन हलवल्यावर ते ये-जा करत असेल, तर आधी पोर्ट (फोनमधली केबल घालायची जागा), केबल आणि चार्जर तपासा. दुसऱ्या केबलवर आणि दुसऱ्या चार्जरवर लावून बघायला पैसे लागत नाहीत.

सगळ्यात आधी टॉर्च मारून पोर्टमध्ये बघा. खिशातली कापडाची बारीक धूळ दाबून दाबून तळाशी बसते आणि पिन पूर्ण आत जात नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव भागात कारखान्यात काम करणाऱ्यांनी तर हे नियमित बघावं. बहुतेक फोनचा स्पीकर पोर्टच्या शेजारीच असतो आणि त्यातल्या चुंबकाला ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा चिकटतो. तो पोर्टमधल्या पिनांवर अडकला तर शॉर्ट होऊन पिना जळू शकतात.

साफ करताना सुई किंवा सेफ्टी पिन अजिबात घालू नका. टाइप-सी पोर्टच्या मधोमध पातळ जीभ असते, सगळे संपर्क तिच्यावरच असतात. ती मोडली की पोर्ट बदलावा लागतो. वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. तिचा दाब फार असतो, शिवाय तिच्याबरोबर पाणी आणि तेलाचे कण येतात. फोन बंद करा, लाकडी टूथपिक घ्या आणि जिभेला धक्का न लावता कडेकडेनं हळू मळ ओढून काढा.

पावसाळ्यात कोल्हापुरात झड लागली की गाडीवरून जाणाऱ्यांचे फोन भिजतातच. पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना आली तर ती बंद करून चार्जर लावू नका. ओल्या पिनांतून वीज गेली की त्या गंजतात. तांदळाच्या डब्यातही फोन ठेवू नका, त्याची पूड आत जाते. पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा, मग पंख्याखाली ठेवा. केबलचं टोकही कोरडं आहे ना ते बघा, तिकडं कुणाचंच लक्ष जात नाही.

लॅपटॉपचं जरा वेगळं. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबत असेल तर बहुधा बॅटरी जपण्याची सेटिंग चालू असते, तो बिघाड नाही. अडॅप्टरवरचे आकडे वाचा: २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. गोल पिनचा दुसऱ्याचा अडॅप्टर लावताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिन बसली म्हणून लावायचा, असं करू नका. टाइप-सीवर चालणाऱ्या लॅपटॉपला फोनचा २० वॅटचा चार्जर लावला तर काम करताना चार्ज वाढण्याऐवजी उतरूही शकतो. साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंतच असते. त्यापुढं ५ अँपिअरची लागते.

फोनची पाठ उचलली गेली किंवा लॅपटॉपचा टचपॅड वर आला, तर मात्र बॅटरी फुगली आहे असं समजा. चार्जर काढा, वस्तू बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका आणि त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला द्या.