दयाळाच्या पिल्लाला काळा रंग चढताना: परसातल्या तरुण पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत

जून-जुलैत परसात एक पक्षी दिसायला लागतो, जो पुस्तकातल्या चित्रांशी काही केल्या जुळत नाही. आकार दयाळाचा, शेपटी दयाळासारखी ताठ वर, पंखावरचा पांढरा पट्टाही जागच्या जागी. पण गळा आणि छाती तपकिरी, खवल्याखवल्यांची, आणि चोचीच्या कोपऱ्यात अजून पिवळसर कड. हे दयाळाचं त्याच हंगामातलं पिल्लू. पावसाळा सरेपर्यंत त्याच छातीवर काळ्या किंवा राखी पिसांचे ठिगळ उमटतात, आणि मग ते खवले दिसेनासे होतात.

पूर्ण वाढलेल्या दयाळाचा फोटो तुम्हाला कुठल्याही वर्षी मिळेल. ही मधली अवस्था मात्र काही आठवड्यांचीच असते, आणि बहुतेक जण नेमके हेच फोटो ‘पक्षी नीट दिसत नाही’ म्हणून डिलीट करतात. माझं सांगणं असं की ठिगळांचा पक्षी टिपायचा, आणि एकदाच नाही, दर आठवड्याला. एका सुंदर फोटोपेक्षा त्याच जागेवरचे, त्याच प्रकाशातले पाच-सहा साधे फोटो पिसांबद्दल कितीतरी जास्त सांगतात. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

आधी पक्षी ठरवा

सुरुवातीला एकच जात घ्या. दयाळ सगळ्यात सोयीचा, कारण तो जमिनीवर आणि कुंपणावर उतरतो, माणसांच्या वावराला फारसा बुजत नाही आणि आपला भाग सहसा सोडत नाही. त्याची वीण साधारण मार्च ते जुलै, त्यामुळे पिल्लं ऐन पावसाळ्यात अंगणात असतात.

दुसरा माझा आवडता जांभळा शिंजीर. त्याचं नर पिल्लू आधी मादीसारखंच दिसतं, वरून मातकट आणि खालून पिवळं. मग हनुवटीपासून पोटाकडे एक गडद पट्टी उतरते, आणि तिच्या आजूबाजूला चमकदार जांभळी-निळी पिसं तुरळक उगवतात. इथे एक अडचण आहे. विणीचा हंगाम संपला की पूर्ण वाढलेला नरसुद्धा झगमगीत पिसं टाकून असाच पट्टीवाला होतो. फरक शोधायचा तर खांद्याकडे बघा. मोठ्या नराच्या पंखाच्या वरच्या छोट्या पिसांवर त्या दिवसांतही धातूसारखी चमक असते. म्हणून शिंजिराचा समोरून काढलेला फोटो पुरत नाही, बाजूचाही हवा.

बुलबुल सोपे आहेत. शिपाई बुलबुलाच्या पिल्लाच्या गालावर लाल ठिपका नसतो, आणि बुडाखालचा रंग लालऐवजी फिकट नारिंगी असतो. लालबुड्याचं पिल्लूही तिथेच फिकं पडतं. तांबटाच्या पिल्लाला कपाळावरचा आणि छातीवरचा लाल रंग नसतो. पोपटाच्या नादी पहिल्याच वर्षी लागू नका. नराच्या गळ्यातला कंठ पुरता यायला तिसरं वर्ष उजाडतं.

पिसांत काय बघायचं ते समजून घ्या

घरट्यात पिल्लाला सगळी पिसं जवळजवळ एकदमच उगवावी लागतात. तेवढं पोषण एकाच वेळी पुरवायचं म्हणजे पिसं विरळ आणि मऊ निपजतात. शेपटीखाली आणि मानेवर ती कापसासारखी सैल दिसतात. घरटं सोडल्यावर काही आठवड्यांत अंगावरची आणि डोक्यावरची ही कच्ची पिसं गळून पक्की पिसं येतात. पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं मात्र बहुतेक छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांत पुढच्या वर्षापर्यंत तीच राहतात. त्यामुळे नवं काळं अंग आणि जुने तपकिरी पंख असा जोड दिसतो, आणि पक्ष्याचं वय तिथेच कळतं.

चिमणी याला अपवाद. तिची पिल्लं पहिल्याच वर्षी पंख-शेपटीसकट सगळी पिसं बदलतात. नर चिमण्याच्या गळ्याची आणखी एक गंमत आहे. नव्या काळ्या पिसांची टोकं फिकी असतात आणि काळा रंग त्याखाली झाकलेला असतो. टोकं झिजत जातात तसा गळा विणीच्या हंगामापर्यंत काळाभोर होतो, त्यासाठी एकही नवं पीस यावं लागत नाही. ऑक्टोबर आणि मार्चमधले फोटो शेजारी ठेवले की हे लगेच दिसतं.

जवळून काढलेल्या फोटोत दयाळाच्या छातीवर कधी कधी खवल्यांच्या मधून बारीक, पांढुरक्या काड्या वर आलेल्या दिसतात. ती नवी पिसं. अजून आवरणात गुंडाळलेली असतात, आणि टोकाला आवरण फुटून काळ्या रंगाचा कुंचला बाहेर डोकावत असतो. पक्षी चोचीने ते आवरण सोलतो तेव्हा त्याचा कोंडा अंगावरून गळतो. चोचीची पिवळी कड, कोंडा, काड्या, ठिगळं हे सगळं एका चौकटीत आलं तर त्या दिवसाचं काम झालं.

जागा मांडा

पिल्लांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरू नका, ती तुमच्याकडे येतील अशी सोय करा. स्वयंपाकघराची किंवा गॅलरीची एखादी खिडकी निवडा, जिच्यासमोर तीन-चार मीटरवर काहीतरी लावता येईल. तिथे अंगठ्याएवढ्या जाडीची, साल असलेली आडवी फांदी रोवा. ती खिडकीला समांतर हवी, म्हणजे पक्षी आपोआप आडवा बसेल. फांदीच्या मागे निदान तीन मीटर तरी मोकळी जागा आणि त्यापलीकडे हिरवी झाडी असू द्या. मागे पांढरी भिंत किंवा आभाळ नको.

खिडकीची काच उघडी ठेवा आणि लेन्सचं तोंड गजांच्या मधून काढा. आतला दिवा बंद, गडद रंगाचा पडदा अर्धा ओढलेला. ट्रायपॉड नसला तरी चालतं. तांदूळ भरलेली कापडी पिशवी कट्ट्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की कॅमेरा हलत नाही.

खायला घालण्यापेक्षा झाडं लावावीत. कढीपत्त्याची पिकलेली काळी फळं बुलबुलांना फार आवडतात, आणि जास्वंद किंवा हॅमेलिया असलं की शिंजीर येतातच. दयाळाला ओला पालापाचोळा पुरतो, त्यात किडे असतात. पाणी ठेवायचं तर पसरट मातीच्या थाळीत, चार-पाच सेंटिमीटर खोल, आणि रोज बदलून, नाहीतर डासांची पैदास होते. मांजर दबा धरू शकेल अशा झुडपाला खेटून थाळी ठेवू नका.

कॅमेऱ्याची सेटिंग

३०० ते ४०० मिमीची लेन्स असली तर उत्तम, जास्त झूमचा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा) असला तरी चालेल. ४०० मिमी लेन्स, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा, तो वाढला की छिद्र लहान) आणि चार मीटर अंतर असलं तर एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) स्पष्ट येणारी खोली जेमतेम दोन सेंटिमीटर असते. एफ/८ केलं तर ती तीनच्या आसपास जाते. पक्षी तिरका बसला की डोळा स्पष्ट येतो आणि छातीची पिसं धूसर, म्हणजे जे दाखवायचं तेच हरवतं. फांदी समांतर लावायला सांगितलं ते यासाठीच. फोकस डोळ्यावर ठेवा, पण पक्षी पूर्ण आडवा झाल्यावरच बटण दाबा.

पावसाळी प्रकाशात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १६०० ते ३२०० लागतोच. त्याहून वर गेलं तर पिसांचे बारीक धागे दाण्यांत बुडतात. पक्षी शांत बसला असेल आणि लेन्स टेकवलेली असेल तर शटर १/२५० पर्यंत खाली आणा आणि बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग, पाच-सहा फोटो घ्या, एखादा तरी धारदार निघतो. पिसं साफ करताना मान झटकन फिरते, तेव्हा १/१००० च्या खाली जाऊ नका.

एक्स्पोजरकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. नर दयाळाची नवी पिसं निळसर काळी येतात, मादीची राखाडी. छातीवर पहिली दहा-बारा पिसं आली की पक्षी नर की मादी हे सांगता येतं, पण फोटो गरजेपेक्षा उजळ निघाला तर काळं पीस राखाडी दिसतं आणि नराची मादी होते. चौकटीत गडद पक्षी मोठा भरला की कॅमेरा फोटो आपणहून उजळवतो, तेव्हा -०.७ च्या आसपास भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) द्या. मागे पांढरं आभाळ असेल तर उलट होतं, पक्षी कोळशासारखा येतो, तिथे +१ किंवा थोडं जास्त लागतं. त्यापेक्षा मॅन्युअल मोड बरा. फांदीजवळच्या मध्यम हिरव्या पानावर एक्स्पोजर ठरवा आणि पंखावरच्या पांढऱ्या पट्ट्यात पिसांच्या रेषा दिसताहेत ना ते मोठं करून तपासा. पांढरा पट्टा फुटला नाही, म्हणजे सपाट पांढरा झाला नाही, तर काळाही सहसा बरोबर येतो.

व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या छटेनुसार रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, ‘क्लाउडी’वर कायम करा. झाडाखालच्या हिरव्या उजेडात ऑटो दर फोटोला वेगळा निर्णय घेतो, आणि मग गेल्या आठवड्यातला तपकिरी आणि या आठवड्यातला तपकिरी यांची तुलनाच होत नाही. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. फ्लॅश वापरू नका.

शिंजिरासाठी प्रकाश वेगळा लागतो. त्याची चमक रंगद्रव्याच्या रंगाची नसून पिसातल्या सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते. कोन बदलला की तेच पीस काळं दिसतं. ढगाळ हवेत ठिगळांचा आकार छान येतो, पण चमक हवी तर कोवळं ऊन तुमच्या पाठीमागून यायला हवं. दोन्ही प्रकारचे फोटो घ्या.

पाऊस थांबला की खिडकीत बसा

जोरदार सर ओसरल्यावरचा अर्धा तास सोन्याचा. भिजलेली पिल्लं उघड्या फांदीवर येतात, अंग झटकतात, एकेक पंख पसरून चोचीतून पिसं काढत बसतात. पंख उघडला की जुन्या-नव्या पिसांची सीमा दिसते, एरवी ती झाकलेली असते. पण ओल्या पिसांचा रंग गडद येतो, म्हणून तुलनेसाठीचा फोटो पक्षी वाळल्यावर घ्या.

प्रत्येक बैठकीत चार फोटो मिळवायचा प्रयत्न करा: बाजूने पूर्ण पक्षी, समोरून छाती, पाठ, आणि उघडलेला पंख. चोचीच्या कोपऱ्याचा जवळून घेतलेला फोटो मिळाला तर फारच छान. आठवड्यागणिक ती पिवळी कड आक्रसत जाते.

मालिका जपा

फोटो कॉम्प्युटरवर टाकताच नाव बदला: आधी वर्ष-महिना-दिवस, मग जात, मग बाजू. रंग चढवू नका, सॅच्युरेशनला हात लावू नका. धार वाढवली तरी सगळ्या फोटोंना सारखीच.

आज आलेलं पिल्लू गेल्या आठवड्यातलंच असेल असं धरून चालू नका. एका घरट्यातली भावंडं सोबत हिंडतात, आणि दोघांची पिसं पुढेमागे बदलू शकतात. डाव्या-उजव्या अंगात न जुळणारी खूण शोधा, उदाहरणार्थ शेपटीतलं एक तुटकं पीस किंवा एका बाजूलाच राहिलेला खवला. खूण नसेल तर ‘याच परसातलं, पक्षी अनिश्चित’ असं लिहा. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकताना वय आणि लिंग नोंदवायची सोय आहे, ती जरूर वापरा. अशा अर्धवट पिसांच्या, तारीख असलेल्या फोटोंवरूनच पुढच्या माणसाला ओळख पटते.

कुठे थांबायचं

घरट्याचे फोटो काढू नका. आडवं येणारं पान बाजूला केलं तरी कावळ्याला घरटं दिसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हे शिकारीच्या व्याख्येतच मोडतं. मोबाइलवर आवाज वाजवून दयाळाला बोलावू नका. हद्दीत परका नर शिरला असं समजून तो पिल्लांना भरवायचं सोडून भांडायला धावतो. जमिनीवर बसलेलं, नीट उडता न येणारं पिल्लू बहुतेक वेळा हरवलेलं नसतं, आईबाप जवळच असतात. त्याला उचलून फांदीवर ठेवून फोटो काढण्याचा मोह टाळा.

तुम्ही फार जवळ आहात हे पक्षी स्वतः सांगतात. मोठा दयाळ चोचीत किडा धरून एकाच जागी शेपटी उडवत ‘चर्र चर्र’ करत राहिला आणि पिल्लाकडे जाईना, तर लगेच उठा आणि आत जा. भरवणं पुन्हा सुरू झालं की दुसऱ्या दिवशी लांबून बसा.

सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत खवले गेलेले असतील, तरी फोल्डर बंद करू नका. मार्चमध्ये त्याच परसात तारेवर बसून एखादा नर दयाळ गायला लागेल. त्याच्या मिटलेल्या पंखाचा बाजूने, उन्हाकडे पाठ करून एक फोटो घ्या. अंग काळंभोर आणि पंखांची मोठी पिसं तपकिरी, टोकांना विटलेली असतील, तर तो बहुधा गेल्याच पावसाळ्यातला. मग जुलैचे फोटो उघडून शेजारी लावा.