पावसाळ्यानंतर गोल्फचं ग्रीन कसं तयार करावं (आणि वाळूत कुठे फसू नये)

पाऊस सरला की दरवर्षी तेच. कोणीतरी इंग्लंडातल्या कोर्सचं वेळापत्रक वाचून येतं आणि मला सांगतं की ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताला, हवापाणी खाली जायला भोकं मार्चमध्ये मारायची असतात. अरे बाबा, तिकडे मार्चमध्ये थंडी सरते. आपल्याकडे पुण्याच्या बाजूला खरा सीझन दिवाळीनंतर, म्हणजे काम सगळं ऑक्टोबर हीटमध्ये. आपल्या ग्रीनवर बहुतेक ठिकाणी बर्म्युडाच असतं, म्हणजे आपल्या हरळीचीच बारीक पानांची बहीण, तिला ऊन पाहिजे. रात्री गार पडायला लागल्या की तिची वाढ मंदावते, आणि डिसेंबरात मारलेली भोकं फेब्रुवारीतसुद्धा तुमच्याकडे बघत असतात.

आमचा कोर्स नऊ होलचा, म्हणून घटस्थापनेला सुरू करायचं, रोज एक ग्रीन, दसऱ्याला भोकं मारायचं मशीन धुवून हार घालायला मोकळी. पुढे दिवाळीपर्यंत वीसेक दिवस मिळतात, गवत भरून यायला तेवढे पुरतात. पाऊस लांबला तर थांबा, पण ओल्या ग्रीनवर मशीन चढवू नका.

बाकीची कामं सोपी आहेत. बंकरमधली, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांतली, वाहून खाली आलेली वाळू वर ओढा, तळाला चारेक इंच राहू द्या. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, सपाट करा. फेअरवेवरचा, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या गवताच्या पट्ट्यावरचा, लव्हाळा नुसता उपटत बसू नका, गाठी जमिनीत राहतात आणि आठ दिवसांत परत हजर.

आता भोकं. काटेरी रोलर फिरवून भागतं असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, त्याने माती बाजूला दाबली जाते, बाहेर काहीच येत नाही. पोकळ दाताचंच मशीन पाहिजे, १२ मिलिमीटरचे दात, दोन भोकांत ५ सेंटिमीटर अंतर, खोली ८ सेंटिमीटर. मातीच्या कांड्या बाहेर पडतात त्या फावड्याने गोळा करा, आणि एक तरी मोडून बघा, गवताखालचा तपकिरी स्पंजासारखा थर किती जाड झालाय ते कळतं.

मी फसलो ते याच्या पुढच्या पायरीला. वाळू.

पहिल्या वर्षी सप्लायरने "एकदम बारीक, मऊ माल" म्हणून दिलेली वाळू मी खुशाल पसरली, हाताला छान लागत होती. आमचे माळीमामा म्हणाले, "साहेब, ही प्लास्टरची हाय, गवताची न्हाय." मी ऐकलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तीन ग्रीन्सवर पाणी तुंबलं, चेंडू पडायचं होल कापायला गेलो तर दोन इंचांवर काळी पट्टी आणि सडक्या अंड्याचा वास, मुळं त्या पट्टीच्या वरच अडकलेली. खाली जाड वाळू आणि वर बारीक थर असला की पाणी खाली उतरायच्या आधी बारीक थरातच अडकून बसतं, हवा जात नाही, मूळ कुजतं. तो थर फोडायला मला दोन वर्षं लागली.

म्हणून वाळू आली की ट्रक खाली करायच्या आधी बाटली भरा. अर्धी वाळू, वर पाणी, जोरात हलवा आणि दोन तास ठेवा. वर गाळाचा बोटभर थर बसला तर ट्रक परत पाठवा, ड्रायव्हर कितीही कुरकुरला तरी. क्रश सँड तर नकोच, तिच्यात दगडाची पूड असते आणि दाणा टोकदार. धुतलेली, चाळलेली, पाव ते एक मिलिमीटर दाण्याची पाहिजे, आणि ग्रीन बांधताना जी वापरली असेल तिच्याशी जुळणारी. दरवर्षी तीच. स्वस्त मिळाली म्हणून बदलली की नवा थर तयार झालाच समजा.

किती लागते? ४०० चौरस मीटरच्या ग्रीनला नुसती भोकं भरायला दीड घनमीटरच्या आसपास, म्हणजे अर्धा ब्रास. ती ताडपत्रीवर दोन दिवस कडक वाळवा, ओली वाळू भोकाच्या तोंडाशीच अडकते, वरून भरल्यासारखं दिसतं आणि आत पोकळ. दव उडाल्यावर, दुपारी पसरा, काथ्याची चटई ओढत दोन्ही दिशांनी फिरवा. मग एका भोकात काडी घालून बघा, सरळ आत गेली तर परत ओढा.

त्यानंतर अमोनियम सल्फेट, चौरस मीटरला २० ग्रॅम, आणि लगेच पाणी, नाहीतर पान जळतं. आठवडाभर गवत कापायचं चांगलं रील मशीन ग्रीनवर नेऊ नका, वाळूने ब्लेडची धार जाते, जुनं मशीन ५ मिलिमीटरवर ठेवून चालवा. मग दर चार दिवसांनी थोडं थोडं खाली, साडेतीनवर या. क्लबचा सेक्रेटरी म्हणेल ग्रीन उद्यापासूनच फास्ट पाहिजे, चेंडू भरभर घरंगळला पाहिजे. हो म्हणा आणि आपल्या हिशेबाने कापा.

होल सगळ्यात शेवटी, सीझन सुरू व्हायच्या दिवशी पहाटे कापा, १०८ मिलिमीटरचं, आणि आतला कप जमिनीपासून निदान एक इंच खाली बसवा.