सिंगल-शॉट पिस्तुलानं हरीण, डुक्कर आणि नीलगाय

माझं कंटेंडर पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते पिस्तूल वाटतच नाही. १४ इंचांची नळी, वर स्कोप, खाली हातात धरायचा लाकडी फोरएंड, आणि एका वेळी एकच काडतूस. दुनळीसारखं मधून मोडायचं, भरायचं, बंद करायचं. वॉरन सेंटरनं आखलेलं हे हत्यार १९६७ पासून बाजारात आलं. नळ्या बदलता येतात, म्हणून एकाच फ्रेमवर सरावाची छोटी .२२ नळी आणि शिकारीची मोठी नळी दोन्ही चालतात. माझी नळी ७-३० वॉटर्स या काडतुसाची आहे. .३०-३० या रायफलच्या काडतुसाची मान आवळून ७ मिलिमीटरची केलेली.

टेक्सासमध्ये मी या एकाच फ्रेमवर पांढऱ्या शेपटीची हरणं आणि रानडुकरं मारतो. नव्यानं येऊ पाहणाऱ्या आपल्या लोकांसाठी आधी कागदपत्रांचं बोलतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक किंवा काडतूस बाळगायला फेडरल कायद्यानं मनाई आहे. पण एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर सूट मिळते. गंमत अशी की २०१९ पासून टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं डुक्कर मारायला लायसन्स लागत नाही. ‘डुकरालाच तर चाललोय’ म्हणून लायसन्स न काढता निघालेला व्हिसावाला इथेच फसतो. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. आणि एक राहिलं: १६ इंचांपेक्षा आखूड नळी फ्रेमवर असताना तिला रायफलचा दस्ता चुकूनही लावू नका. तसं केलं की ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमधली शॉर्ट-बॅरल रायफल ठरते, मग ‘बघत होतो कशी दिसते’ हे उत्तर चालत नाही.

आता गोळी. रायफलची गोळी पिस्तुलाच्या नळीतून हळू निघते, आणि हळू गेलेली कडक गोळी फुलत नाही. सुईसारखी आरपार जाते आणि जनावर मैलभर पळतं. म्हणून जाड कवचाची गोळी घेऊ नका, कमी वेगाला उघडणारी घ्या. मी १२० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) टोकदार बॅलिस्टिक टिप गोळी वापरतो. लीव्हर-ॲक्शन रायफलच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये गोळ्या एकामागे एक असतात, म्हणून तिथे टोकदार गोळी धोक्याची: टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर टेकतं. आपल्याकडे मॅगझिनच नाही, तेव्हा ही मुभा फुकटात मिळते. मात्र नळ्या बदलत असाल तर खिशात एकाच जातीची काडतुसं ठेवा. फ्रेमवर काडतुसाचं नाव लिहिलेलं नसतं, नळीवर कोरलेलं दर वेळी वाचायचं.

स्कोप पिस्तुलाचाच हवा, म्हणजे हात लांब करून धरल्यावरही चित्र पूर्ण दिसणारा. रायफलचा स्कोप लावलात तर चित्र दिसण्यासाठी डोळा जवळ न्यावा लागेल आणि धक्क्याला भुवई फुटेल. पिस्तुलाच्या स्कोपमधून दिसणारा तुकडा लहान असतो. नवशिक्याला समोर उभं हरीण सापडत नाही, नुसतं गवत दिसतं. म्हणून झूम कायम खालच्या २ वर ठेवा, आणि घरी, काडतूस खोलीबाहेर ठेवून, भिंतीवरच्या ठिपक्यावर उचलून धरायचा सराव करा. मी महिनाभर रोज वीस वेळा करत होतो.

टेकू हा सगळा खेळ आहे. हातावर तोललेल्या पिस्तुलानं हरणावर बार काढू नये, असं माझं स्पष्ट मत. काठ्यांच्या टेकूवर फोरएंड ठेवा, नळी नव्हे. नळी टेकली की गोळी दुसरीकडेच लागते. कोपर किंचित वाकलेलं असू द्या, धक्क्याला हात वर जाऊ द्या, अडवू नका. आणि झीरो, म्हणजे स्कोपचा नेम जुळवणं, त्याच काठ्यांवर करा ज्या रानात नेणार आहात. वाळूच्या पिशवीवर केलेला झीरो माझा काठ्यांवर चार इंच वर गेला होता. कानांना प्लग आणि वर मफ, दोन्ही. आखूड नळीचा आवाज रायफलपेक्षा वाईट असतो.

पल्ला कसा ठरवायचा? सहा इंचांची कागदी बशी लावा, थोडं पळा, श्वास चढू द्या, बसा, आणि पाच बार काढा. पाचही बशीत बसतील ते अंतर तुमचं. माझं १२० यार्ड आहे. गोळी पुढेही मारेल, मी नाही मारू शकत.

आता माझी फजिती. माझी फ्रेम जुनी आहे. जुन्या कंटेंडरमध्ये चढवलेला घोडा, म्हणजे हॅमर, बार न काढता खाली उतरवला तर तो परत चढत नाही; आधी हत्यार मोडून बंद करावं लागतं. नंतरच्या जी-टू कंटेंडरमध्ये ही अडचण काढून टाकली. पहिल्या वर्षी हरीण झाडाआड गेलं म्हणून मी घोडा उतरवला. ते परत बाहेर आलं, चाळीस यार्डांवर, पूर्ण आडवं. मी मोडलं, ‘खट’ झालं, आणि मला फक्त पांढरी शेपटी दिसली. तेव्हापासून जनावर आडवं होऊन स्थिर झाल्याशिवाय मी घोडा चढवतच नाही.

नीलगाय वेगळं प्रकरण आहे. दक्षिण टेक्सासच्या रँचांवर आपल्याकडूनच गेलेली ही जात मोकळी फिरते, बंद हंगाम नाही. भारतात १९७२ च्या कायद्याखाली येणारं जनावर इथे मारायला गेलो, हे आईला सांगायला मला दोन वर्षं लागली. मोठा नर ६०० पौंडांपर्यंत जातो, कातडं जाड, आणि हृदय-फुप्फुसं हरणापेक्षा पुढे आणि खाली. खांद्यामागे मारायची सवय इथे नडते; खांद्यातच मारा. ७-३० ला मी घरी ठेवतो. त्यासाठी कंटेंडरच्याच मोठ्या भावाची, एन्कोरची, १५ इंचांची .३०-०६ नळी, १८० ग्रेनची गोळी, आणि ८० यार्डांच्या आत. रक्ताचा माग फार थोडा सापडतो, म्हणून बार लागल्यावर जनावर ज्या झुडपाआड गेलं त्यावरच नजर ठेवा.

दुसरं काडतूस मी डाव्या मनगटावरच्या पट्ट्यात खोचतो. मोड, रिकामी पुंगळी काढ, नवीन घाल, बंद: मला साडेतीन सेकंद लागतात, न बघता. जनावर पडलेलं दिसलं तरी हे करायचंच, आणि मग अर्धा तास तिथेच बसायचं.