वीज पडून घरचा फोन बंद पडल्यास खर्च कोणाचा?

पुण्यात वळिवाच्या पावसानंतर लँडलाइन बंद पडल्यास, गडगडाट पूर्ण थांबल्यावरच, बाहेरची तार घरात शिरते त्या जोडडबीवर दुसरा साधा फोन लावून पाहावा. तिथेही आवाज नसेल तर दोष बहुधा बाहेरच्या तारेत असून तिची दुरुस्ती सर्वसाधारणपणे कंपनीकडे असते. तक्रार क्रमांक मात्र लिहून घ्यावाच. आवाज आला, तर घरातील वायरिंग आणि स्वतः विकत घेतलेले यंत्र यांचा खर्च बहुधा ग्राहकाच्याच माथी येतो. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात वीज पडून झालेले नुकसान समाविष्ट आहे. म्हणून जळालेले यंत्र (भंगारवाल्याला देण्याची घाई नको) बिल, छायाचित्रे आणि दुरुस्तीवाल्याच्या लेखी अभिप्रायासह विमा कंपनीची पाहणी होईपर्यंत जपून ठेवावे.