सर्व्हरची यादी काढणारी स्क्रिप्ट रखडतेय? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरात बसून लातूर आणि नांदेडच्या ईएसएक्सआय होस्टवरच्या (व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मूळ सर्व्हरवरच्या) सगळ्या व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, एका सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत आणायच्या, एवढंच माझ्या पॉवरसीएलआय स्क्रिप्टचं काम. पॉवरसीएलआय म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलमधून व्हीएमवेअर हाताळायच्या कमांड. व्हीएम ४००, वेळ ४० मिनिटं. आधी मी नेटच्या लाइनला शिव्या घातल्या, मग रॅम वाढवून मागितली. दोन्हींचा काही दोष नव्हता.

पहिली चूक हीच: न मोजता औषध. प्रत्येक टप्पा, किती वेळ लागला ते सांगणाऱ्या मेजर-कमांडमध्ये घालून बघा. मी बघितलं तर सगळा वेळ फोरईच लूपमध्ये, म्हणजे एकेक व्हीएम घेऊन तेच काम परत करणाऱ्या भागात जात होता. होस्ट, डिस्क, नेटवर्क कार्ड, स्नॅपशॉट, डेटास्टोअर, गेस्ट, प्रत्येकाला वेगळी कमांड. सहा गुणिले ४००, म्हणजे व्हीसेंटरकडे (सगळे होस्ट सांभाळणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरकडे) २४०० हेलपाटे. एका हेलपाट्याला सेकंद धरा, झाली ४० मिनिटं. उन्हाळ्यात गल्लीत टँकर आला की कोणी तांब्या घेऊन धावत नाही. हंडे, घागरी, ड्रम, असेल ते पुढे करतात. मी मात्र तांब्याच घेऊन बसलो होतो.

उपाय गेट-व्ह्यू, सगळ्या व्हीएमची माहिती एकदमच आणणारी कमांड. व्ह्यूटाइपमध्ये व्हर्च्युअलमशीन द्या आणि प्रॉपर्टीमध्ये हवी तेवढीच नावं. प्रॉपर्टी दिलीच नाही तर प्रत्येक व्हीएमचा अख्खा संसार उचलून येतो आणि फायदा बराचसा जातो. यात एक गोम आहे. जे मागितलं नाही ते रिकामं येतं, एरर येत नाही. माझ्या पहिल्या यादीत रॅमचा रकाना कोराच होता. साहेब म्हणाले, "या सगळ्या उपाशीच चालतात का?"

दुसरी अडचण होस्टच्या नावाची. व्ह्यूमध्ये होस्टचा नुसता आयडी मिळतो. म्हणून प्रत्येक व्हीएमसाठी पुन्हा गेट-व्हीएमहोस्ट चालवलंत तर हेलपाटे परत सुरू. सगळे होस्ट एकदाच आणा, आयडीला की (किल्ली) धरून हॅशटेबलमध्ये, म्हणजे किल्ली दिली की नाव काढून देणाऱ्या तक्त्यात ठेवा आणि तिथूनच नाव उचला. दोन व्हीसेंटर असतील तर तोच आयडी दोन्हीकडे असू शकतो, म्हणून कीमध्ये व्हीसेंटरचं नावही जोडा. लातूरची व्हीएम नांदेडच्या होस्टवर दिसली की समजा, हेच राहिलंय.

लूपमध्ये ॲरेला (ओळींच्या यादीला) अधिक-बरोबरने (+=) ओळ जोडणं हीसुद्धा जुनी खोड. पॉवरशेलचा ॲरे ठरावीक मापाचा असतो. ओळ जोडताना नवा ॲरे बनवून जुना त्यात ओतावा लागतो. लूपचं आउटपुट सरळ व्हेरिएबलमध्ये घ्या. ४०० ओळींना फरक जाणवणार नाही, हजारोंना जाणवतो.

आणि पॅरललच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवण्याच्या मागे आधी लागू नका. पॉवरशेल ७ मध्ये फोरईच-ऑब्जेक्टला पॅरलल आहे, न सांगता एकावेळी ५ कामं चालवतं. पण प्रत्येक काम वेगळ्या रनस्पेसमध्ये, म्हणजे पॉवरशेलच्या स्वतंत्र जागेत चालतं, त्यामुळे मॉड्यूल आणि कनेक्शनचा खर्चही प्रत्येकाचा. करायचंच तर व्हीसेंटरनुसार वाटा, व्हीएमनुसार नको. वाईट स्क्रिप्ट पॅरलल केली की व्हीसेंटर पाच बाजूंनी छळला जातो, एवढंच.

आता तीच यादी दीड मिनिटात येते. एखाद्या चालू व्हीएमचा आयपी कोरा आला तर स्क्रिप्टला हात लावण्याआधी तिच्यात व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आतली माहिती बाहेर कळवणारं सॉफ्टवेअर) चालू आहेत का ते बघा.