झाडं लावताय? निदान या चुका तरी टाळा

5 जूनला नागपुरात झाड लावू नका. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी निमंत्रण 5 जूनचंच येतं. मंडप तोच, कूलर तेच, आणि भर उन्हात मान टाकलेली रोपंही तशीच.

ही तारीख आली स्टॉकहोमहून. 5 जून 1972 ला तिथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद सुरू झाली आणि पुढच्या वर्षीपासून त्या दिवशी पर्यावरण दिन पाळला जाऊ लागला. स्वीडनमध्ये जून म्हणजे वर्षातले सुखाचे दिवस. आपल्याकडे नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, जेमतेम संपलेला असतो, मुरूम अजून तव्यासारखा तापलेला असतो आणि पावसाला आठवडा-पंधरवडा तरी अवकाश असतो. जगाने दिवस साजरा करायला सांगितलं होतं, त्या दिवशीच खड्ड्यात रोप ठेवा असं कोणी सांगितलं नव्हतं. आपली तारीख तर कन्हैयालाल मुन्शींनी 1950 मध्येच ठरवून दिली होती. वनमहोत्सव, जुलैचा पहिला आठवडा. शेतीखात्याच्या मंत्र्याला पाऊस कधी पडतो ते माहीत होतं.

माझी सवय सांगतो. मृगाच्या पहिल्या सरीला मी भुलत नाही, कारण त्यानंतर पाऊस हमखास ओढ देतो. आर्द्रा लागलं की खुरपं घेऊन जमीन उकरून बघायची. वीतभर खाली ओल असेल तर रोप लावायचं, नसेल तर घरी जाऊन चहा प्यायचा. 5 जूनला फोटो हवाच असेल तर खड्ड्यांचा काढा. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावे लागतात, म्हणजे फोटो खोटाही ठरत नाही.

जेसीबी बोलावण्याआधी खाली वाकून बघा

ही माझी सगळ्यात जुनी तक्रार. उमरेड रोडकडे एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, झाडं लावायला काही एकर पडीक जागा घेतली. पाहणीला मलाही बोलावलं. जागा म्हणजे मुरमाड उतार, त्यावर गुडघाभर झुडपं. जवळ जाऊन पाहिलं तर निम्मं पळस, मध्ये मध्ये बोर, धावडा आणि तेंदू. दरवर्षी तोड, चराई आणि वणवा सोसून बुटकं राहिलेलं जंगलच होतं ते. खाली मुळं जुनी, वर फुटवे कोवळे. मी म्हटलं, काही लावू नका. कुंपण घाला, गुरं थांबवा, प्रत्येक बुंध्याला दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटा. साहेब म्हणाले, "भाऊ, मग आम्ही लावलं काय म्हणून दाखवायचं?"

पुढच्या आठवड्यात जेसीबी आला आणि जागा "साफ" झाली. रांगेत खड्डे खणले आणि नर्सरीतून आणलेला करंज नि गुलमोहर लावला, अर्थातच 5 जूनला. दिवाळीपर्यंत निम्मी रोपं गेली, उरलेली एप्रिल-मेने नेली. पुढच्या पावसात त्या रिकाम्या रांगांमधून वर काय आलं? पळस. त्याची मुळं जेसीबीला सहजासहजी दाद देत नाहीत. मग हे नवे फुटवे साफ करायला जेसीबी पुन्हा बोलावला! त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही.

हे दुखणं जगभरचं आहे आणि त्यावरचा इलाजही जगाला सापडलेला आहे. आफ्रिकेत नायजर देशातल्या माराडी भागात टोनी रिनॉडो नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस 1980 च्या दशकात रोपं लावून लावून थकला होता, कारण बहुतेक मरायची. एकदा गाडीच्या चाकांतली हवा कमी करायला तो रस्त्यात थांबला, तेव्हा शेजारच्या झुडपाकडे नीट लक्ष गेलं. ते झुडूप नव्हतं, तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला आलेले फुटवे होते. असे जिवंत बुंधे शेता-शेतात होते. शेतकऱ्यांनी ते राखायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत आली, बहुतांश नर्सरीशिवाय. यातली एक गोष्ट मात्र आपले लोक सांगायला विसरतात. तिथे झाडं कायद्याने सरकारची होती, त्यामुळे शेतकऱ्याला ती राखण्यात काही रस नव्हता. शेतातलं झाड आपलं आहे असं वाटू लागलं तेव्हा कुऱ्हाड थांबली. आपल्याकडे हे समजून घ्यायला आफ्रिकेत जायची गरज नाही. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पाहून या. त्या गावाला 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला.

बाहेरून आणलेला खड्डा

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे शेतकरी याकूबा सावाडोगो आता बऱ्याच जणांना माहीत झालेत. 2018 मध्ये त्यांना आणि रिनॉडोंना एकाच वर्षी राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. सावाडोगोंचे "झाई" खड्डे म्हणजे कडक पापुद्रा धरलेल्या जमिनीत उन्हाळ्यातच खड्डे खणायचे आणि त्यात शेणखत टाकायचं. खताला वाळवी येते, जमीन पोखरते आणि पावसाचं पाणी आत मुरतं. तिथे पाऊस आपल्यापेक्षा बराच कमी, त्यामुळे थेंब न थेंब अडवायचा.

या खड्ड्यांचा व्हिडिओ पाहून नागपूरच्या बेसा भागातल्या एका लेआउटमध्ये पोट्ट्यांनी उत्साहाने खोल खड्डे खणले. त्यात भरपूर शेणखत भरलं आणि कडुनिंब लावला. जमीन काळी, चिकण. ऑगस्टमध्ये प्रत्येक खड्ड्याचं डबकं झालं, कारण काळ्या मातीच्या भिंतींतून पाणी बाहेर जायलाच तयार नव्हतं. पानं पिवळी पडली, तेव्हा त्यांना वाटलं पाणी कमी पडतंय. मग वरून पाइप! एक रोप उपटून त्यांना मुळं हुंगायला दिली. काळी पडलेली, बुळबुळीत, गटारासारखा वास. तेव्हा कुठे पटलं.

मुरमात आळं करा, काळ्या मातीत वरंबा. काळ्या मातीत मी खड्डा भरून वर वीतभर उंचवटा करतो आणि रोप त्या उंचवट्यावर लावतो. खत थोडंच, बाकी माती त्याच खड्ड्यातली. नाल्याकाठी पाणी साचतच असेल तर कडुनिंबाचा हट्ट सोडा आणि अर्जुन लावा.

मियावाकीचा बोर्ड

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींनी जपानमधल्या देवळांभोवतीची जुनी राने अभ्यासली. तिथे मुळात कोणतं जंगल होतं ते शोधलं आणि तीच झाडं दाट लावली, एका चौरस मीटरला तीन-चार. यातलं आपण फक्त "दाट" उचललं. शोभेची झाडं, कण्हेर, जे मिळेल ते कोंबायचं आणि वर मियावाकी असा बोर्ड लावायचा. त्यात आपलं जंगल पानगळीचं. पेंचमध्ये मार्च-एप्रिलला जा, वरून ऊन थेट जमिनीवर येतं आणि खाली गवत असतं. झाडांमधली ती मोकळी जागाही जंगलाचाच भाग आहे. शहरात धुळीला आडोसा म्हणून छोटा दाट तुकडा करायला माझी हरकत नाही. पण मोकळ्या गवताळ माळावर तो करायला निघालात तर हरकत आहे.

आता भराभर काही.

प्लॅस्टिकची पिशवी काढूनच रोप लावा. हसू नका, मेलेली रोपं उपटताना मला पिशव्या सापडल्यात. तळाशी गोल फिरलेली मुळं कात्रीने कापा, रोप मरत नाही.

सुबाभूळ नको. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत तो आहे.

मोहाचं बी साठवू नका, त्याची उगवण लवकर जाते. गोळा केलं की लगेच जागेवरच टोका.

आठ फुटी रोप आणून घाई करू नका. तीन फुटी रोप बहुतेक वेळा त्याच्या पुढे जातं.

ट्री-गार्डची तार खोडात रुतण्याआधी काढा. खोडाला चिकटून गट्टू (फरसबंदीचे ठोकळे) बसवू नका, मीटरभर माती मोकळी ठेवा.

रोज तांब्याभर पाणी म्हणजे मुळांना वरच राहायची सवय लावणं. आठवड्यातून एकदा, पण बादलीभर, आणि बुंध्याभोवती पाचोळा. तो पाचोळा जाळणाऱ्यांबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

लावलेली मोजता, जगलेली कधी मोजणार?

11 नोव्हेंबर 2019 ला तुर्कस्तानने एका दिवसात 1 कोटी 10 लाख रोपं लावल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांनी तिथल्या वनकर्मचाऱ्यांच्या संघटनेने पाहिलेल्या ठिकाणी 90 टक्क्यांपर्यंत रोपं मेल्याचं सांगितलं. सरकारने ते नाकारलं. खरं-खोटं त्यांचं त्यांना लखलाभ, पण असा वाद रंगतो कारण विक्रम त्या एका दिवसाचा असतो. केनियात वंगारी माथाईंनी 1977 मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, तेव्हा बायकांना छोटी रक्कम मिळायची ती जगलेल्या रोपामागे. पैसे जगण्याला लावले की पाणी घालायची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही.

म्हणून माझी वही जूनमध्ये उघडत नाही, ती पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर उघडते. तीन उन्हाळे काढले तरच झाड मोजायचं. तीन उन्हाळे पाणी घालणारं माणूस नसेल तर शंभराऐवजी पाचच लावा. "पाचात काय होते भाऊ?" असं विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही.

रोपं कुठे मिळतील, हे विचारणाऱ्यांसाठी: बेहडा, बिजा, चारोळी, बहावा हवं असेल तर नर्सरीवाल्याला हिवाळ्यातच सांगून ठेवा. जुलैत ऐनवेळी गेलात की तो गुलमोहरच गाडीत भरून देईल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.